जुना डबा, मोठा टीव्ही अन अटकणारे पिक्चर : आठ महिने वापरल्यावरचा अनुभव

दिवाळीच्या आधी एक जुना ऑफिसातला डबा घेतला, म्हणजे सेकंडहँड बारका डेस्कटॉप, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह ४५९० प्रोसेसर, चार जीबी रॅम, साडेनऊ हजाराला. हेतू एकच, हॉलमधल्या टीव्हीला जोडायचा. टीव्ही ४३ इंची फोर-के आहे पण त्याचं स्वतःचं स्मार्ट प्रकरण इतकं मंद की यूट्यूब उघडेपर्यंत चहा होऊन जातो. म्हणलं आपला कॉम्प्युटर लावू, कोडी (पिक्चर चालवायचं फुकटचं सॉफ्टवेअर) टाकू, हार्ड डिस्कवर पिक्चर मोप पडलेत, अण्णांना कीर्तन, पोरांना कार्टून, सगळ्यांचं भागेल.

लावला. पहिल्याच दिवशी अण्णांनी कीर्तन लावलं अन दहा मिनिटात हाक मारली, "अरे हे अटकायलंय की. बुवाचं तोंड एकीकडं अन आवाज एकीकडं."

आता इथं मी जे केलं ते सगळेच करतात. दुकानदाराला फोन. तो म्हणला दादा रॅम वाढवा. नऊशे रुपये देऊन चारची आठ केली. तरी तसंच. मग म्हणला एसएसडी टाका. सोळाशे गेले. एसएसडीनं एवढंच झालं की कॉम्प्युटर आधीपेक्षा लवकर चालू होऊन लवकर अटकायला लागला. एचडीएमआय केबल पण बदलली, मित्राकडची महागातली आणून लावून बघितली, काडीचा फरक नाही. (केबल खराब असली तर पडदा काळा होतो, ठिपके चमकतात, सिग्नल जातो. चित्र व्यवस्थित दिसून नुसतं अडखळत असेल तर केबलच्या मागं लागू नका.)

शेवटी अण्णाच म्हणले. त्यांची सगळी जिंदगी शेतात गेली, विहिरीवरच्या मोटारीचा आवाज शेडच्या बाहेरून ऐकून सांगतात की मोटार हवा धरायलीय का पाणीच तुटलंय. म्हणले, "तू नुसतं अटकतंय अटकतंय म्हणायलास. कधी अटकतंय? चालू केल्या केल्या का तासाभरानं? सगळ्यालाच का एखाद्यालाच?" मला याचं उत्तर देता येईना. मग दुधाच्या हिशोबाची जुनी वही घेतली अन पंधरा दिवस नुसतं लिहून काढलं, काय लावलं, कुठून लावलं, किती वेळानं अटकलं, कसं अटकलं. तेव्हा कळलं की आमच्या घरात एक दुखणं नव्हतंच, चार-पाच होती, अन प्रत्येकाची अटकायची चाल वेगळी होती.

पहिलं यूट्यूबचं. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' लावलं की किती फ्रेम (व्हिडिओतली सुटी चित्रं) टाकून दिल्या ते दिसतं. आमच्या कीर्तनात तो आकडा रिक्षाच्या मीटरसारखा पळत होता. वर लिहिलेलं ३८४० बाय २१६० अन कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) व्हीपी९. म्हणजे टीव्ही फोर-के दिसला म्हणून यूट्यूबनं आपोआप फोर-के चालू केलं (कीर्तनाला फोर-के कशाला लागतं देव जाणे) अन चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये व्हीपी९ पूर्ण उलगडणारं हार्डवेअर नाही, सगळा भार प्रोसेसरच्या डोक्यावर. क्रोममध्ये 'एच२६४ईफाय' नावाचं फुकटचं एक्स्टेंशन टाकलं, त्यानं यूट्यूब जुन्या एच.२६४ मध्ये चालतं, जे या डब्याला जन्मापासून येतं. तोटा एवढाच की १०८० च्या वर क्वालिटी मिळत नाही. अण्णांना आजवर कळलेलं नाही की क्वालिटी कमी झालीय.

त्यातच अजून एक सापडलं जे मला महिनाभर कळलं नव्हतं. माऊस फिरवला की बाण ओढत-ओढत यायचा, मला वाटायचं वायरलेस माऊसचे सेल गेले. डिस्प्ले सेटिंगमध्ये बघितलं तर रिफ्रेश रेट (पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा) ३० हर्ट्झ. जुन्या डब्यांचं एचडीएमआय १.४ असतं, त्यातून फोर-के पाठवलं तर सेकंदाला ३० च्या वर चित्रं जातच नाहीत. रिझोल्युशन १९२० बाय १०८० केलं, लगेच ६० आलं अन माऊस पण पळायला लागला. टीव्ही मोठं करून दाखवतो ते ठीकठाक दिसतं, सोफ्यावरून मला तरी फरक सांगता येत नाही.

आता खरी डोकेदुखी. पिक्चर. कोडीमध्ये (हेच जुनं एक्सबीएमसी, २०१४ ला नाव बदललं) हार्ड डिस्कवरचा पिक्चर लावला की एक फ्रेमही गळत नव्हती, प्रोसेसर १०-१५ टक्क्यांवर निवांत, तरी कॅमेरा आडवा फिरला की मागची झाडं झटके घेत सरकायची. एसटी घाटातून चाललीय अन कॅमेरा तिच्या सोबत फिरतोय असा सीन घ्या, एसटी बरी दिसायची पण डोंगर आचके देत जायचा. माणसं नुसती बसून बोलायलेत तर काहीच जाणवणार नाही. याला अटकणं म्हणायचं का नाही हाच आधी प्रश्न होता.

कारण साधं गणित आहे. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा, टीव्ही ६० वर. साठला चोवीसनं सरळ भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा दाखवायची, पुढची दोनदा, परत तीनदा, परत दोनदा. लंगडत चालल्यासारखं. यात रॅमचा दोष नाही, प्रोसेसरचा नाही, कुणाचाच नाही, फक्त टीव्हीला पिक्चरच्या तालावर आणायचं असतं. कोडीत सेटिंग्ज, प्लेयर, व्हिडिओज, तिथं 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' म्हणून आहे, ते मुळात बंद असतं, ते 'ऑन स्टार्ट/स्टॉप' करायचं. मग पिक्चर सुरू होताना टीव्ही आपोआप २४ वर जातो अन बंद केला की परत ६० वर येतो. बदलताना पडदा एक-दोन सेकंद काळा होतो, आमच्याकडं पहिल्यांदा झालं तेव्हा पोरगी उठून इन्व्हर्टर बघायला गेली, तिला वाटलं लाइट गेली. त्या काळ्या वेळात सुरुवातीचा डायलॉग हुकतो, त्यासाठी सिस्टीमच्या डिस्प्लेत रिफ्रेश रेट बदलताना थोडं थांबायचं सेटिंग आहे, दोन-तीन सेकंद द्या.

एवढं केल्यावर घाटातला डोंगर लोण्यासारखा सरकायला लागला. मी खूश. पण दोन दिवसांनी परत एक बारका झटका दिसला. एकच. मग बराच वेळ काही नाही, मग परत एक. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बसलो. ४१ सेकंद, ४२, ४२, ४१. बायको म्हणली तुम्ही पिक्चर बघायलात का घड्याळ. पण हा आकडा इतका नेमका होता की तोच गूगलवर टाकला अन उत्तर मिळालं. डिस्कवरचे बहुतेक पिक्चर नेमके २४ चे नसतात, २३.९७६ चे असतात. टीव्ही पक्क्या २४ वर ठेवला तर दर ४१.७ सेकंदाला एका फ्रेमची तूट पडते अन ती भरून काढायला एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. तोच झटका. मीच शहाणपणा करून कोडीच्या व्हाइटलिस्टमध्ये (कुठले रिफ्रेश रेट वापरायचे त्याची यादी) फक्त २४ अन ६० वर टिक केली होती. तिथं २३.९७६ वेगळं असतं, त्यावर पण टिक केली, सोबत ५० वर पण, कारण आपल्याकडच्या टीव्ही चॅनलचं रेकॉर्डिंग २५ फ्रेमचं असतं अन ते ५० वर बरोबर बसतं. (व्हाइटलिस्ट दिसत नसेल तर सेटिंगची लेव्हल एक्सपर्ट करा. विंडोजच्या यादीत हेच कधी-कधी नुसतं २३ हर्ट्झ लिहिलेलं असतं, ते २३.९७६ च आहे, घाबरू नका.) अन हे सगळं तपासताना टीव्हीतलं मोशन स्मूथिंग (टीव्ही मधे स्वतःच्या फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करतो ते) बंद ठेवा, ते चालू असलं की खरा झटका कुठला अन टीव्हीनं घातलेला कुठला हेच समजत नाही.

डिसेंबर ते मार्च एकदम मस्त गेले. मधे एक बारकं निघालं, वर बेडरूममधल्या कॉम्प्युटरवरचे पिक्चर वायफायनं बघताना अधूनमधून चाक फिरायचं. वायफायचं डोंगल यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कला चिकटून लावलेलं होतं, यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला त्रास देतो. डोंगल लांब केलं तर फरक पडला, पण मी सरळ साडेचारशेची लॅनची वायर ओढून विषयच मिटवला.

मग एप्रिल लागला. जगात जर्मनी अन भारतात परभणी म्हणतात आमच्याकडं, ते बाकी कशाला लागू असो नसो, उन्हाळ्याला नक्की लागू आहे. ४३-४४ च्या दुपारी पिक्चर परत अटकायला लागले, अन यावेळी चाल वेगळीच. पहिला पाऊण तास काही नाही. मग इंटरव्हलच्या आसपास एकदम सगळंच जड, आवाज तुटतोय, मेनूसुद्धा उघडत नाही. बंद करून अर्ध्या तासानं लावा, परत पाऊण तास छान. रात्री अकरानंतर तर तक्रारच नाही. वही उघडायची पण गरज नव्हती. एचडब्ल्यूइन्फो (कॉम्प्युटरचं तापमान अन वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं, तापमान ९८-१०० अन प्रोसेसरचा वेग ३.३ गिगाहर्ट्झवरून एकच्या आसपास खाली. प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच हळू चालतो, दुपारी बारानंतर रोजगारी झाडाखाली टेकतात तसं, त्याची चूक नाही.

चूक माझी. डबा शोकेसच्या काचेच्या कप्प्यात ठेवलेला, काच बंद, वर क्रोशाचा रुमाल. बाहेर काढून झाकण उघडलं तर पंख्याच्या खालच्या पत्र्यांमध्ये राखाडी नमद्यासारखा थर, बोटानं ओढला तर अख्खी पट्टी निघाली, वाकळेचा तुकडा फाडावा तशी. आमचं घर गावाच्या कडेला, ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी चालू झाली की पंधरा दिवस दारं-खिडक्या लावल्या तरी भुसा आत येतो, अन डबा नेमका त्याच दिवसात घरी आलेला. हीट सिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा पत्र्यांचा ठोकळा) उचललं तर खालची पेस्ट पानाच्या डबीतल्या वाळल्या चुन्यासारखी, नखानं टवके निघायले. ती पुसून काढली, साबुदाण्याच्या दोन दाण्यांएवढी नवी पेस्ट लावली, १५० रुपयाची ट्यूब. धूळ सायकलच्या पंपानं काढली. एक लक्षात ठेवा, हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, भन्नाट फिरू द्यायचा नाही, अन वायर आधी काढायची. सगळं बसवून डबा शोकेसच्या बाहेर टेबलावर मांडला. तीच भर दुपार, तोच पिक्चर, तापमान ७१. बायकोला बाहेर ठेवलेला डबा अजून आवडलेला नाही, रुमाल तिनं दोनदा परत टाकला, मी दोनदा काढला.

शेवटचं राहिलं ते पुतण्याच्या लग्नाच्या व्हिडिओचं. मोबाइलवर काढलेला फोर-के, ६० फ्रेम, अन ड्रोनचा वेगळा १० बिटवाला (नेहमीच्या ८ बिटपेक्षा रंगाच्या जास्त छटांचा). पेनड्राइव्ह लावला, नवरदेव घोड्यावर बसायलाय तोच अटकला, सगळे पाहुणे हॉलमध्ये. कोडीत चालू व्हिडिओवर कीबोर्डचं 'ओ' दाबलं की डिकोडरचं नाव येतं, पुढं 'एचडब्ल्यू' असेल तर हार्डवेअर काम करतंय, 'एसडब्ल्यू' असेल तर प्रोसेसर एकटा मरतोय. इथं एसडब्ल्यू. फाइल एचईव्हीसीची, म्हणजे एच.२६४ च्या पुढच्या कोडेकची. इंटेलमध्ये सहाव्या पिढीपासून ८ बिटचं एचईव्हीसी हार्डवेअरवर येतं अन १० बिट नीट चालतं ते सातव्या पिढीपासून, चौथीवाल्याकडून अपेक्षा करणंच चूक. हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरनं १०८० च्या एच.२६४ मध्ये बदलून घेतलं, रात्रभर चाललं ते. पण आता सगळ्यांचे मोबाइल असेच व्हिडिओ काढायलेत, दरवेळी कोण बदलत बसणार. म्हणून मे महिन्यात जुनं जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड चार हजाराला घेतलं. जीडीडीआर५ मेमरीवालं बघून घ्या, डीडीआर४ चं पण येतं अन ते हळू आहे. ३० वॅटचं आहे, वेगळी वायर लागत नाही, डबा बारका असेल तर अर्ध्या उंचीची पट्टी सोबत आहे का बघा. एचईव्हीसी १० बिट, व्हीपी९, फोर-के ६० हर्ट्झ, सगळं आलं.

कुणी म्हणेल मग पहिल्याच दिवशी कार्ड घ्यायचं होतं. कार्डानं यूट्यूब अन लग्नाचा व्हिडिओ सुधारला असता, खरंय. पण घाटातला डोंगर तसाच आचके देत राहिला असता, अन एप्रिलात त्या बंद कप्प्यात डबा अजूनच तापला असता.

एक अजून सुटलेलं नाही. ओटीटी ब्राउझरमध्ये बघितलं की ब्राउझर रिफ्रेश रेट स्वतः बदलत नाही, त्यामुळं वेब सिरीजमध्ये कॅमेरा फिरला की तेच लंगडणं. हातानं २४ केलं तर माऊस झोपतो. सध्या तसंच बघायलोय. अण्णांना ते दिसतच नाही, बायकोला मी दाखवल्यापासून दिसायला लागलं, दाखवायला नको होतं.

हिशोब विचाराल तर डबा साडेनऊ हजार, एसएसडी सोळाशे, रॅम नऊशे, कार्ड चार हजार, वायर साडेचारशे, पेस्ट दीडशे. सोळा हजार सहाशे. परत घ्यायचा म्हणलं तर सातव्या पिढीच्या खालचा घेणार नाही, म्हणजे कार्डाचे चार हजार तरी वाचतील. हा आता चाललाय तोवर चालवायचा. सोयाबीन काढणीला आलं की मळणीच्या आधी जाळीला पातळ कापड लावणार आहे अन मळणी झाली की परत एकदा उघडणार आहे. पेस्टची ट्यूब अर्धी उरलीय, फ्रीजवर ठेवलीय.