पणजीचा पत्ता, २७ चा जीएसटी नंबर

१६,०३० रुपये. खोट्या सॉफ्टवेअर लायसन्सपायी एवढ्याला फसले. आकडा लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते. ८,५०० सॉफ्टवेअरचे, त्यावर १,५३० जीएसटी आणि ६,००० 'परत मिळणारं' ॲक्टिव्हेशन डिपॉझिट.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हरमलची मिरची, सोलं, मयड्याची केळी घेऊन बसणाऱ्या ३१२ बायकांचा सर्व्हे मी पीएचडीसाठी केला. फॉर्म हातात आल्यापासून जो तो एकच विचारत होता, "एसपीएसएस घेतलंस का?" जणू आकडेवारीच्या त्या सॉफ्टवेअरशिवाय टक्केवारी निघतच नाही! मग एका ग्रुपवर नंबर मिळाला: लाइफटाइम लायसन्स, अधिकृत विक्रेते, पणजी. फोनवरच्या माणसाने विचारलं, "मॅडम, लायकर्ट स्केल आहे ना? मग काय-स्क्वेअर लागेलच." चोराला सहमत-असहमत उत्तरांचं लायकर्ट आणि दोन उत्तरांचा संबंध तपासणारं काय-स्क्वेअर माहीत असतं, हे मला कुठे माहीत?

पण बिल आलं तेव्हा तरी मी जागं व्हायला हवं होतं. पत्ता पणजीचा आणि जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा. गोव्याचा ३० ने सुरू होतो, २७ महाराष्ट्राचा. आमच्या ह्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, रिटर्नची आकडेमोड मीच करते. खिळ्यांच्या बिलावरही आधी ३० बघते. मी त्याला विचारलंसुद्धा! "हेड ऑफिस मुंबईला," म्हणाला. बरं, माल मुंबईहून आला तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर, लागायला हवा. इथे ९ अधिक ९ टक्के, सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे एकाच राज्यातल्या विक्रीचे. तेही दिसलं. आणि यूपीआय कुणाच्या तरी वैयक्तिक नावावर. गाईडनी १५ तारखेपर्यंत टेबलं मागितली होती, म्हणून बोट दाबलं. दुकानासाठी असं बिल आलं असतं तर परत पाठवलं असतं.

(जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो. एक मिनिट लागतं.)

एनीडेस्कवरून, म्हणजे दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायच्या ॲपवरून, त्याने चाळीस मिनिटं माझा लॅपटॉप चालवला. काही दिवसांत प्रोग्राम बंद. ती कंपनीची चाचणीची आवृत्ती होती, जी कुणालाही मोफत मिळते. तरी मी वर ६,००० भरले. इथे हसलात तर राग नाही. त्यानंतर नंबर ब्लॉक.

चौकीत ऐकवलं, "बाय, वस्तू मिळाली होती ना? मग फसवणूक कसली?" तिथून दुसरीकडे पाठवलं. तिथे म्हणाले, बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणा. बँक म्हणते, आधी तक्रारीची प्रत आणा. डिचोली ते पणजी कदंबा बसने चार फेऱ्या, अर्ज तीन प्रतींत, त्यात एकदा झेरॉक्सवाला जेवायला गेलेला. एका साहेबांनी तर फाईल बाजूला सारून विचारलं, आमच्या मुलीच्या प्रोजेक्टला कुठलं सॉफ्टवेअर बरं? पैसे कुठल्या खात्यात गेले, ते मात्र कुणी विचारलं नाही. फसलात तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा. मी लाजेपायी पाच दिवस घालवले, तोवर पैसा पुढे सरकलेला.

त्या साहेबांना जे सांगितलं तेच इथे सांगते. आधी कोणती टेबलं हवीत ते कागदावर काढा, सॉफ्टवेअर मग. मला हवं होतं फ्रिक्वेन्सी (कुठलं उत्तर कितींनी दिलं), क्रॉसटॅब (दोन प्रश्नांचं एकत्र टेबल) आणि काय-स्क्वेअर, बस्स. पीएसपीपी नावाचं सॉफ्टवेअर हे सगळं फुकट करतं, एसपीएसएसची फाईलही उघडतं. जामोवी, जास्प तेही फुकट. नमुन्याला वेटेज (कुणाच्या उत्तराला किती वजन) द्यायचं असेल तर आर (R) ही आकडेवारीची भाषा शिका, डोकं दुखेल पण खिसा नाही. एसपीएसएसच हवं तर विद्यार्थ्यांची आवृत्ती ठरावीक मुदतीची मिळते. स्वस्तात 'लाइफटाइम' म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

माझी टेबलं शेवटी पीएसपीपीवर एका संध्याकाळी झाली.

पण त्या चाळीस मिनिटांत त्याने 'टेस्ट करतो' म्हणत माझी फाईल उघडली होती. नावं आणि मोबाईल नंबर मी त्यातून काढले नव्हते. कुणाला देणार नाही, असं त्या बायकांना मीच सांगितलेलं. गेल्या शुक्रवारी मिरचीवाली मावशी म्हणाली, "बाय, हे लोनाचे फोन कित्याक येतात गे?" मी काही न बोलता अर्धा किलो मिरची घेतली. घरी आधीची दोन किलो तशीच पडून आहे.