अडॅप्टरवाला यूएसबी हब: रात्रीत गायब होणाऱ्या डिस्कवरचा अर्धा उपाय

आधी निकाल सांगते, मग कारणं. स्वतःचा वेगळा अडॅप्टर असलेला चार पोर्टांचा यूएसबी हब (एका यूएसबी पोर्टाचे चार करणारी डबी) मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, आणला, पावसाळाभर रोज वापरला आणि तो उत्तम आहे. पण तो फक्त विजेची तक्रार मिटवतो. कॉम्प्युटर झोपी जातो म्हणून बॅकअप अर्धवट राहत असेल, तर कितीही महागाचा हब लावा, बॅकअप अर्धवटच राहणार. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि सकाळी उठून बघितलं तर दोन्ही अगदी सारख्याच दिसतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

मी पार्ल्यात घरूनच लोकांच्या जुन्या कॅसेट डिजिटल करून देते. घरगुती रेकॉर्डिंग जास्त येतात: बारशातली गाणी, सोसायटीच्या गणपतीतलं नाटुकलं, कुणाच्या तरी आजोबांनी टेपरेकॉर्डरपुढे बसून सांगितलेल्या गावच्या आठवणी. यात घाई चालत नाही. ९० मिनिटांची कॅसेट ९० मिनिटंच घेते. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ अशी फाइल घेतली की तासाला साधारण २ जीबी जागा जाते. मागे गिरगावातल्या एका घरातून कॅसेट आली होती, आजी जात्यावरच्या ओव्या म्हणतेय आणि मागे कुकरची शिट्टी वाजतेय. फितीवरचा थर इतका सुटत होता की एक बाजू वाजवून झाली तेव्हा डेकच्या हेडवर तपकिरी भुकटी बसलेली. ती फीत पुन्हा लावायची सोय नाही. म्हणजे आता माझ्या डिस्कवर आहे तीच मूळ प्रत. अशा फाइलचा बॅकअप झाला की नाही हे मला नक्की कळायलाच हवं.

माझ्याकडे विंडोजचा डेस्कटॉप आहे आणि अडीच इंची दोन पोर्टेबल हार्ड डिस्क. बॅकअप रात्री दोनला लागतो. सकाळी बघावं तर दोनांपैकी एक डिस्क धिस पीसीमधून गायब. केबल काढून परत लावली की हजर. कधी हजर असायची, पण अक्षर बदलून: ई ड्राइव्हची एफ झालेली. बॅकअपचं काम बिचारं ई शोधत बसलेलं आणि नोंद काय, तर मार्ग सापडला नाही. डिस्क ज्या कंपनीची, तिच्या कस्टमर केअरने फॉरमॅट करा म्हणून सांगितलं. हा सल्ला मला पटला नाही आणि आजही पटत नाही. डिस्क का जाते हे शोधल्याशिवाय ती पुसायची कशासाठी?

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कच्या आतली स्मार्टची नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते आकडे, दाखवतं. पोर्टेबल डिस्कच्या पेटीतला सर्किट बोर्ड ती माहिती पुढे पाठवत असेल तरच दिसते, बहुतेकांची दिसते. त्यात ०५ आणि सी५ या ओळी आधी बघायच्या. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचायला त्रास देणारे, निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर. माझ्याकडे दोन्हीकडे शून्य. वाढत होती ती सी० ही ओळ. चालू डिस्कची वीज अचानक गेली आणि तिला आपलं हेड घाईघाईने मागे घ्यावं लागलं की हा आकडा वाढतो. सॉफ्टवेअर आकडे दहाऐवजी सोळाच्या पायावर (हेक्साडेसिमल) दाखवतं, म्हणजे तिथला १० हा आपला १६, तेवढं लक्षात ठेवायचं. म्हणजे तबकड्या ठणठणीत होत्या, वीज मधेच जात होती.

पार्ल्याहून स्लो पकडली, ग्रँट रोडला पूर्वेला उतरले. लॅमिंग्टन रोड कागदोपत्री डॉ. भाडकमकर मार्ग, पण १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव काही लोकांच्या तोंडातून गेलेलं नाही. रविवारी जाऊ नका, बाजार बहुतेक बंद असतो. दुकानं शेकड्याने आहेत आणि बाहेरचा माणूस हात धरून आत नेतो. मी गेले ते दुकान म्हणजे एक काउंटर आणि मागे छतापर्यंत केबलींची खोकी. काउंटरवरच्या मुलाला हब दाखव म्हटलं.

"ताई, हब देतो, पण डिस्क आणलीय का?"

आणली होती. त्याने ती काउंटरवरच्या कॉम्प्युटरला माझ्याच केबलने लावली आणि कानाशी धरली. मलाही ऐकवली. फिरायला लागते, टिक होतं, थांबते, परत फिरायला लागते. मग तीच डिस्क त्याने स्वतःच्या वीतभर लांबीच्या केबलने लावली. एका दमात चालू झाली.

"वीज पुरत नाही तिला. तुमची केबल लांब आहे आणि बारीक आहे. घरी कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावता ना?"

पुढच्याच पोर्टला लावत होते. यामागचं गणित सोपं आहे. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. फिरती हार्ड डिस्क सुरू होतानाच्या क्षणी सगळ्यात जास्त वीज ओढते, मग शांत होते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांना मदरबोर्डपासून आतून आणखी एक वायर आलेली असते, वर आपली लांब केबल, या सगळ्यात व्होल्टेज थोडं थोडं गळतं. दिवसा डिस्क सतत फिरत असते म्हणून निभावतं. कॉम्प्युटर झोपेतून उठला की दोन्ही डिस्क एकाच वेळी फिरायला लागतात आणि एक आडवी होते. साडेतीन इंची मोठ्या डिस्कना १२ व्होल्टचा स्वतःचा अडॅप्टर असतोच, त्यांना हा त्रास सहसा नाही.

आता हब. ब्रँडचं नाव देत नाही, कारण खोक्यावर एक नाव आहे आणि हबवर दुसरं, पुढच्या मालात तिसरं असेल. दुकानात काय मागायचं ते मात्र नक्की सांगते. अडॅप्टरवरचं लेबल वाचा. माझ्यावर ५ व्होल्ट, ४ अँपिअर लिहिलंय. चार पोर्टांना प्रत्येकी ९०० मिलिअँपिअर धरले तर ३.६ अँपिअर होतात, म्हणजे ४ मध्ये बसतं. त्याच काउंटरवर बाहेरून अगदी असाच दिसणारा, थोडा स्वस्त हब होता, त्याच्या अडॅप्टरवर २ अँपिअर. दोन डिस्क आणि एक पेन ड्राइव्ह लावला की त्याची शिल्लक संपली. सात आणि दहा पोर्टांचे हब घेताना तर हा भागाकार केल्याशिवाय पैसे देऊच नका.

दुसरी तपासणी त्या मुलानेच करून दाखवली. कॉम्प्युटर बंद केला, त्याचा प्लगही काढला, हबचा अडॅप्टर तेवढा चालू ठेवला. काही हब अशा वेळी वीज उलटी कॉम्प्युटरच्या पोर्टात ढकलतात. मदरबोर्डवरचा किंवा कीबोर्डवरचा एखादा दिवा लागलेला दिसला तर तो हब परत करायचा. मी घेतला त्यात अंधार होता. कॉम्प्युटर झोपला तरी या हबच्या पोर्टांची वीज चालू राहते, हे मला हवंच होतं. काही हब कॉम्प्युटरबरोबर स्वतःही बंद पडतात, त्यांचा या कामाला उपयोग नाही.

न आवडलेलं: प्रत्येक पोर्टाला वर एक बटण आहे. टेबल पुसताना फडकं लागलं तरी दाबलं जातं आणि दाबलं की लिहीत असलेली डिस्क खाडकन बंद. बटणं नसलेला मिळाला तर तोच घ्या. हबच्या खालची रबरी पावलं मुंबईच्या दमट हवेत सुटायला लागलीत, पण ते चालतं. पक्कं बिल घेतलं, तरी दोन हजारांच्या आत काम झालं. वीतभर केबल त्याने वेगळी दिली आणि ती मला हबइतकीच मोलाची वाटते. पोर्टेबल डिस्कला लागतं ते रुंद, चपटं, मधे खाच असलेलं टोक वापरून वापरून सैल होतं. लावल्यावर हलकेच हलवून बघा, डिस्कचा दिवा लुकलुकला तर केबल बदला.

हब लावल्यापासून सी० चा आकडा जागचा हललेला नाही. डिस्क सकाळी जागेवर असते. इथे माझी अर्धी तक्रार मिटली.

उरलेली अर्धी अशी: डिस्क हजर, पण बॅकअप अडीचला थांबलेला. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून सिस्टिमच्या नोंदी वाचल्या की सगळी रात्र समोर येते. कर्नल-पॉवर ४२ म्हणजे कॉम्प्युटर झोपायला गेला. पॉवर-ट्रबलशूटर १ म्हणजे उठला. डिस्क १५७ म्हणजे डिस्क न सांगता निघून गेली. पूर्वी माझ्याकडे १५७ दिसायचा, हबनंतर तो गेला आणि ४२ तेवढा राहिला. दोन तक्रारी वेगळ्या आहेत याचा पुरावा हाच, आणि तुमच्याकडे कोणती आहे हेही इथेच कळेल. १५७ असेल तर वीज, केबल, पोर्ट बघा. नुसता ४२ असेल तर हबवर पैसे घालवू नका.

कीबोर्ड-माउसला कुणी हात लावला नाही की ठरलेल्या वेळाने विंडोज झोपतं. मी कामात आहे, झोपू नकोस, असं प्रोग्रॅमने विंडोजला सांगायचं असतं. काही कॉपी करणारे प्रोग्रॅम सांगतात, काही सांगत नाहीत. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून स्लॅश आणि रिक्वेस्ट्स एवढं टाइप केलं की सध्या कोण झोप अडवून धरतंय ते दिसतं. बॅकअप चालू असताना हे करून बघा. यादीत तुमच्या बॅकअपचं नाव नसेल तर तो कधीही मधेच तुटू शकतो. माझा नव्हता. मग पॉवर ऑप्शन्समध्ये विजेवर असताना झोपेची वेळ नेव्हर केली, आणि बॅकअप संपल्यावर कॉम्प्युटर झोपवायचं काम त्याच्याच शेवटी जोडलं. स्क्रीन बंद होऊ दे, त्याने काही बिघडत नाही.

कॉम्प्युटर झोपवूनच ठेवायचा असेल तर टास्क शेड्यूलरमध्ये त्या कामाच्या कंडिशन्समध्ये कॉम्प्युटरला उठवण्याची खूण लावा आणि पॉवर ऑप्शन्समध्ये वेक टायमर चालू करा. एक केलं आणि दुसरं राहिलं तर कुणीच उठत नाही. सेटिंग्जमध्ये आणखी एक खूण आहे, वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच काम सुरू कर, तीही लावाच. यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे वीज वाचवायला विंडोज यूएसबीची उपकरणं झोपवतं ती सोय, बंद केलं. हार्ड डिस्क बंद करायची वेळ शून्य केली, म्हणजे कधीच बंद करू नकोस. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन दोन्ही डिस्कना इंग्रजी वर्णमालेतली शेवटची अक्षरं दिली, म्हणजे पेन ड्राइव्ह मधे घुसून त्यांची जागा घेत नाही. एवढं करूनही डिस्क थोड्या वेळाने फिरायची थांबत असेल तर ते तिच्या पेटीतल्या बोर्डाचं स्वतःचं वेळापत्रक असतं, विंडोजचं तिथे चालत नाही. त्यात धोका नाही, फाइल उघडताना चार-पाच सेकंद थांबावं लागतं इतकंच.

मॅकवाल्यांनी एनर्जीच्या सेटिंगमध्ये हार्ड डिस्कला झोपवण्याचा पर्याय बंद करावा. टाइम मशीन दर तासाला बॅकअप घेतं, त्यामुळे एखादी वेळ हुकली तर पुढची भरून काढते. मोठी कॉपी चालू असताना टर्मिनलमध्ये कॅफिनेट ही कमांड चालू ठेवली की तोवर मॅक आपणहून झोपत नाही.

आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर, तो झोपलेला असताना डिस्क उपटू नका. आधी उठवा, सेफली रिमूव्ह करा, मग काढा. २०१८ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी क्विक रिमूव्हल (लिहायचं ते साठवून न ठेवता लगेच डिस्कवर उतरवणं) हा पर्याय मुळातच चालू असतो, त्यामुळे धोका कमी झालाय. पण अर्धी लिहिलेली फाइल त्याने पूर्ण होत नाही.

बॅकअप पूर्ण झाला या हिरव्या खुणेवर मी विसंबत नाही. सर्टयूटिल ही विंडोजमधलीच कमांड फाइलचा एसएचए२५६ ठसा, म्हणजे तिच्या आतल्या माहितीवरून निघणारी अक्षर-आकड्यांची ओळ, काढून देते. मूळ फाइलचा आणि बॅकअपमधल्या फाइलचा ठसा जुळला की प्रत बिनचूक. मोठ्या, परत न मिळणाऱ्या रेकॉर्डिंगसाठी हे दर वेळी करते, आणि बॅकअपमधली फाइल मधूनच उघडून ऐकते. ओव्यांच्या फाइलची तिसरी प्रत ठाण्याला बहिणीकडे आहे. २६ जुलै २००५ ला आमच्या शेजारच्या सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तळमजल्यावरच्या कपाटात दोन्ही डिस्क ठेवणाऱ्या माणसाला यापुढे काही समजावायची गरज नाही.

कुणी घ्यावा: एकापेक्षा जास्त पोर्टेबल हार्ड डिस्क कायम लावून ठेवणाऱ्याने जरूर घ्यावा. एकच एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) असेल आणि ती मागच्या पोर्टवर नीट चालत असेल तर गरज नाही. अडॅप्टर जाडजूड आहे, एक्स्टेन्शन बोर्डवर शेजारचं सॉकेट झाकतो, तेव्हा कडेचं सॉकेट त्याच्यासाठी मोकळं ठेवा आणि बोर्ड यूपीएसलाच जोडा. कॉम्प्युटर यूपीएसवर आणि हब भिंतीवर असला तर वीज गेल्यावर पहिल्यांदा डिस्कच जातील.