सिम्पाय, नऊ महिन्यांनंतर: 'अवयव पाडा'ला दोन नावं

जूनमध्ये एफवायबीएस्सीच्या प्रात्यक्षिकांसाठी सिम्पाय, म्हणजे चिन्हांत बीजगणित आणि कलन करून देणारी पायथनची लायब्ररी, वापरायला सुरुवात केली, आता मार्च संपत आलाय. परळला शिकवते. लॅबमधली मशिन्स जुनी आहेत, पण सिम्पाय संपूर्ण पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि एमपीमॅथ ही दशांशातल्या आकडेमोडीची लायब्ररी सोडली तर त्याला सोबत फारसं काही लागत नाही, त्यामुळे एका दुपारी सगळीकडे बसवून झालं. फुकट आहे, सोर्स उघडून वाचता येतो. या सगळ्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मला लिहायचंय ते त्याच्या फंक्शनच्या नावांबद्दल. वर्षभर मुलांचे प्रश्न ऐकताना लक्षात आलं की त्यांचं अडतं ते गणितात कमी आणि "मॅडम, यासाठी नेमकं कुठलं फंक्शन?" यातच जास्त.

आमच्याकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. गणिताच्या आज्ञा त्यांच्या डोक्यात मराठीत बसलेल्या असतात: अवयव पाडा, विस्तार करा, सोपे रूप द्या, सोडवा. पहिल्याच प्रात्यक्षिकात एका मुलीने 'फॅक्टर'ला ३६० दिले. उत्तर आलं ३६०. "मॅडम, अवयव पडलेच नाहीत." सिम्पायचं चुकलं नव्हतं. 'फॅक्टर' हे बहुपदींसाठी आहे आणि बहुपदीच्या दृष्टीने ३६० ही नुसती स्थिर संख्या, तिच्यात पाडण्यासारखं काही नाही. संख्येचे मूळ अवयव हवे असतील तर 'फॅक्टरइंट' म्हणायचं, मग २ चा घन, ३ चा वर्ग आणि ५ असं उत्तर पायथनच्या डिक्शनरीच्या रूपात, म्हणजे अवयव आणि त्याचा घात अशा जोड्यांत, मिळतं. आपल्या शाळेच्या पुस्तकांनी हा फरक कधीच केलेला आहे: संख्येचे 'मूळ अवयव', बहुपदीचे नुसते 'अवयव'. हे सांगितल्यावर वर्गाला लगेच पटलं. पण 'इंट' ही शेपूट पाहून 'मूळ' कुणाला आठवणार? त्यात मसाविच्या बाबतीत पूर्णांकांसाठीचं नाव 'आयजीसीडी'. म्हणजे पूर्णांकाची खूण एका ठिकाणी मागे, दुसऱ्या ठिकाणी पुढे. अंडरस्कोअरचंही तसंच. 'नेक्स्टप्राइम' आणि 'प्राइमरेंज' सलग लिहायचे, 'डिव्हायझर_काउंट' आणि 'प्रिमिटिव्ह_रूट' तोडून. लायब्ररी वाढत गेली, निरनिराळ्या माणसांनी भर घातली, त्याच्या खुणा आहेत या. मला त्या समजतात, पण अठरा वर्षांच्या मुलाला ते पाठच करावं लागतं.

सगळ्यात जास्त त्रास 'सिम्प्लिफाय'ने दिला. नाव इतकं आपलंसं, की मुलं जे हाती येईल ते त्यातच घालतात. एक्स वर्ग अधिक २ एक्स अधिक १ दिलं तर ते जसंच्या तसं परत येतं, पूर्ण वर्ग होत नाही. सिम्पायच्या स्वतःच्या ट्युटोरियलमध्ये हेच उदाहरण दिलंय आणि इथे 'फॅक्टर' वापरा असं स्पष्ट लिहिलंय, हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. कारण 'सोपे रूप' याची गणितात व्याख्याच नाही. आपल्याकडच्या 'सोपे रूप द्या' या प्रश्नातही ती कधी नव्हती, उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला काय हवंय ते आपण सवयीने ओळखायचो. उलट 'एक्सपांड' ऐकलं की पसारा वाढेल असं वाटतं, पण (एक्स + १)(एक्स − २) − एक्स(एक्स − १) त्याला द्या, सगळं कटून नुसते −२ उरतात. ऑक्टोबरपासून मी प्रात्यक्षिकात 'सिम्प्लिफाय' बंदच केलंय. 'ट्रिगसिम्प', 'पॉवसिम्प', 'कॅन्सल', 'टुगेदर' या एकेका नेमक्या कामाच्या फंक्शनपैकी काय हवंय ते आधी वहीत लिहायचं, मग मशिनवर. वर्षभरातला हा माझा सगळ्यात चांगला निर्णय.

लॉगचं थोडक्यात सांगते. 'लॉग' म्हणजे इथे नैसर्गिक लॉग. लॉग टेबलवर वाढलेली मुलं १०० चा लॉग २ येईल म्हणून वाट पाहतात आणि दशांशात ४.६०५ मिळतात. पाया १० हवा असेल तर तो दुसरा आर्ग्युमेंट म्हणून द्या.

नावांच्या एका नियमावर मात्र मी खूश आहे, तो म्हणजे पहिलं अक्षर कॅपिटल की छोटं. छोट्या अक्षराचं 'इंटिग्रेट' लगेच काम करतं, कॅपिटलचं 'इंटिग्रल' चिन्ह नुसतं मांडून ठेवतं आणि 'डूइट' म्हटल्यावरच हलतं. छोट्या आणि कॅपिटल 'लिमिट'चंही तसंच. बेरजेत तेवढा अपवाद: कॅपिटलचं 'सम' आहे, पण छोटं 'सम' पायथनचं स्वतःचं असल्यामुळे तिथे 'समेशन' म्हणावं लागतं. एक्सचा एक्सवा घात छोट्या 'इंटिग्रेट'ला दिला तर कॅपिटलचं 'इंटिग्रल' परत येतं. मुलांना वाटलं एरर आली. खरं तर ते म्हणतंय, मला हे जमलं नाही, प्रश्न तसाच परत घ्या. प्रश्न मांडणं आणि उत्तर काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे फळ्यावर शिकवायला मला दरवर्षी दोन तास लागायचे.

आता 'इझप्राइम', म्हणजे संख्या मूळ आहे का ते सांगणारं फंक्शन. २ च्या ६४ व्या घाताखालच्या संख्यांसाठी त्याचं उत्तर पक्कं असतं. त्यापुढे ते ज्या चाचणीवर चालतं तिला फसवणारी संख्या आजवर कुणाला सापडलेली नाही, पण म्हणून ती सिद्धता होत नाही. पारी-जीपी या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी दोन स्वतंत्र नावं आहेत, 'इझप्राइम' आणि 'इझस्यूडोप्राइम', आणि वापरणाऱ्याने निवड करायची. मला हेच योग्य वाटतं. सिद्ध झालेलं आणि बहुधा खरं असलेलं यातलं अंतर गणितवाल्याने नावात लपवू नये. सिम्पायमध्ये अंडरस्कोअर घातलेलं 'इझ_प्राइम'सुद्धा आहे. ते फंक्शन नाही, चिन्हाचा गुणधर्म आहे, आणि ज्या चलाबद्दल काही गृहीत धरलेलं नाही त्याला विचारलं तर खरं-खोटं न सांगता 'नन', म्हणजे माहीत नाही, म्हणतं. एका अंडरस्कोअरच्या फरकावर एवढा बदल टाकू नये.

दिवाळीनंतर एक प्रयोग केला. पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, म्हणून एका फाइलमध्ये 'अवयव_पाडा', 'मूळ_अवयव', 'मसावि', 'सोडवा' अशी टोपणनावं करून दिली. एकाच्या मशिनवर एरर आली, कारण त्याच्या कीबोर्डने जोडाक्षरात न दिसणारं जोडचिन्ह घातलं होतं आणि पायथनला ते नावात चालत नाही. बाकी सगळं सुरळीत. पहिले दोन आठवडे वर्गाचा आवाजच बदलला, मागच्या बाकावरची मुलंही बोलायला लागली. पण एरर आणि मदतीची पानं इंग्रजीतच असल्याने जानेवारीपर्यंत बहुतेकांनी आपणहून मूळ नावं धरली. 'मूळ_अवयव' मात्र काही वह्यांत अजून दिसतं.

नम्पाय ही पायथनची आकडेमोडीची लायब्ररी सोबत वापरणार असाल तर दोन्हीतलं सगळं तारा (*) लावून आयात करू नका, 'साइन' एकमेकांवर चढतात आणि 'डिफ'चा नम्पायमधला अर्थ शेजारच्या संख्यांमधला फरक, डेरिव्हेटिव्ह नव्हे. 'आर्कसाइन'साठी सिम्पाय 'एसाइन' म्हणतं, नम्पाय वर्षानुवर्षं 'आर्कसाइन'च म्हणत होतं. २०२४ च्या नम्पाय २.० मध्ये 'एसाइन'ही आलं, तेव्हा हा एक त्रास कमी झाला. सिम्पाय स्वतः एखादं नाव बदलतं तेव्हा जुनं निदान वर्षभर इशारा देत चालू ठेवतं. प्रात्यक्षिकांची वही एकदाच छापणाऱ्या माणसाला ते वर्ष फार लागतं.

येत्या जूनमध्येही सिम्पायच घेणार आहे. फक्त पहिल्या तासाला 'फॅक्टर' आणि ३६० मी स्वतः फळ्यावर लिहीन.