प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर: तीन आकडे वेगवेगळे दाखवतो, म्हणून घ्यावा

वायरिंग आणि उपकरणदुरुस्ती हे माझं रोजचं काम. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती पकडून करंट मोजणारा) आणि मल्टीमीटर पिशवीत असतातच, तरी सॉकेट आणि उपकरण यांच्यामध्ये बसणारा हा छोटा वॅटमीटर आता त्यांच्याइतकाच लागतो. व्होल्टेज, करंट आणि वॅट हे तिन्ही आकडे तो एकाच वेळी, स्वतंत्रपणे दाखवतो, हे त्याचं खरं बळ. बटण दाबलं की पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खऱ्या पॉवरचा हिस्सा) आणि युनिटही दिसतात. नुसते वॅट दाखवणारे मीटर मिळतात, पण त्यांतून हिशेब करायला काहीच हाती लागत नाही.

आधी सोप्या लोडवर पारखून घेतला. इस्त्री लावली तर २२८ व्होल्ट, ४.३० अँपिअर, ९८० वॅट. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स ५३ ओम, गुणलं की पॉवर ९८०. पडद्यावरचा आकडा जुळला. त्याच इस्त्रीचा प्लग काढून, ती पूर्ण थंड झाल्यावर मल्टीमीटरने एलिमेंट मोजला तर ५१ ओमच्या आसपास. एलिमेंटची तार नायक्रोम या मिश्रधातूची, तिचा रेझिस्टन्स तापल्यावर फारसा बदलत नाही, त्यामुळे एवढाच फरक अपेक्षित होता.

फिलामेंटच्या ६० वॅटच्या बल्बची गोष्ट निराळी. जळताना ०.२६ अँपिअर, म्हणजे सुमारे ८८० ओम. बंद आणि थंड असताना मल्टीमीटर दाखवतो ६५. टंगस्टन तापला की रेझिस्टन्स इतका चढतो. म्हणून बल्बचे वॅट थंड रेझिस्टन्सवरून काढायचे नसतात, चालू असतानाचे व्होल्ट आणि अँपिअरच घ्यायचे. शिकाऊ मुलांना हे तोंडी कितीही सांगा, त्यांच्या डोळ्यांसमोर हे दोन आकडे आले की पुन्हा सांगावं लागत नाही.

माझ्या मते या मीटरचा सगळ्यात मोठा उपयोग त्याच्या खोक्यावर लिहिलेलाच नाही. सॉकेटपर्यंतची वायर आणि तिचे जोड किती धड आहेत, हे त्यावरून कळतं. दोन हजार वॅटचा हीटर लावा. हीटर बंद असताना २३० व्होल्ट दिसतात आणि चालू केल्यावर २२५ होतात, करंट ८.५ अँपिअर. पाच व्होल्ट वाटेत पडले. पाचला साडेआठने भागलं की वाटेतला रेझिस्टन्स ०.५९ ओम, गुणलं की तिथे उष्णतेत जाणारी पॉवर ४२ वॅटच्या वर. लांबलचक वायरवर ती विखुरलेली असते, म्हणून जाणवत नाही. तोच हीटर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला लावला, तर व्होल्टेज २१८ पर्यंत उतरलं, करंट ८.२४. बारा व्होल्टची पड, म्हणजे जवळपास दीड ओम आणि ९९ वॅट! दोन्ही सॉकेट एकाच डीबीवरून (घरातल्या एमसीबींच्या पेटीवरून), वायरची लांबीही साधारण सारखी. मग जादाचा रेझिस्टन्स एखाद्या जोडावरच असणार, आणि तिथली उष्णता एवढ्याशा जागेत साठते. मेन बंद करून सॉकेट उघडला, तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला आणि वायरचं इन्सुलेशन काळं पडलेलं. हा दोष नुसत्या टेस्टरने कधीच सापडला नसता, कारण लोड नसताना तिथेही पूर्ण २३० व्होल्ट मिळतात. एक काळजी मात्र घ्या. मूळ पुरवठाही वरखाली होत असतो, म्हणून हीटर थोड्या थोड्या वेळाने चालू-बंद करून पड दर वेळी तेवढीच येते का ते बघा.

मोटर आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांवर साधा गुणाकार जुळत नाही, आणि जुळूही नये. फ्रिजवर २२८ व्होल्ट, ०.८० अँपिअर. गुणाकार १८२ येतो, पण मीटर १२० वॅटच दाखवतो, पॉवर फॅक्टर ०.६६. मीटर बरोबर आहे. कॉम्प्रेसरच्या मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, म्हणून १८२ हे व्होल्ट-अँपिअर झाले आणि खरी पॉवर १२० वॅट. तिथे व्होल्टेजला करंटने भागून २८५ येतात, त्यांना वाइंडिंगचा रेझिस्टन्स समजू नका, ती इम्पिडन्स आहे, म्हणजे एसी करंटला होणारा एकूण विरोध. सोबतच्या माहितीपत्रकात मात्र ‘वॅट = व्होल्ट × अँपिअर’ एवढंच छापलंय, पॉवर फॅक्टरचा उल्लेखसुद्धा नाही. नवख्या माणसाला मीटरच बिघडलाय असं वाटेल. ही चूक कंपनीने सुधारायलाच हवी.

आणखी एक उणीव छोट्या लोडवर दिसते. करंटचा शेवटचा अंक ०.०१ चा. पडद्यावर ०.०२ दिसलं तर खरा करंट ०.०१५ ते ०.०२५ मध्ये कुठेही असू शकतो, आणि त्यावरून काढलेला रेझिस्टन्स साधारण ९ हजार ओमही असेल किंवा १५ हजारही. मोबाइलचा चार्जर किंवा स्टँडबायवरचा टीव्ही मोजायला हा मीटर घेणार असाल तर निराशा होईल. चालू करतानाचा झटकाही तो पकडत नाही. थंड बल्ब पहिल्या क्षणी तीन अँपिअरहून जास्त ओढू शकतो, पण पडदा बदलेपर्यंत ते सगळं संपलेलं असतं.

बांधणी ठीक. पिना घट्ट बसतात, अर्थिंगची पिन आतून खरोखर जोडलेली आहे (मी तपासली). सॉकेट जमिनीलगत असेल तर पडदा वाचायला पार वाकावं लागतं. वर १६ अँपिअर लिहिलंय, पण गिझरसारखा मोठा लोड तासन्‌तास त्यातून चालवू नका. आकडे टिपून घ्या आणि मीटर काढून ठेवा. थेट वायरिंगला जोडलेल्या मोटरसाठी अर्थातच क्लॅम्प मीटरच लागेल.