इजेरिया सांगून हायड्रिला: अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात जुडी घेताना
सांगलीतल्या या दुकानात माल ताजा मिळतो, टाक्याही स्वच्छ. पण ‘इजेरिया’ म्हणून हातात येते ती जुडी हायड्रिलाची. दोन्ही टाकीत लावायच्या पाणवनस्पती, दिसायला सारख्याच. घेण्याआधी पानाच्या खालून बोट फिरवा. हायड्रिलाच्या मधल्या शिरेवर बारीक काटे असतात, पान खरखरीत लागतं, कडेचे दातेही नुसत्या डोळ्यांना दिसतात. इजेरिया मऊ, पानं मोठी, एका पेराला साधारण ४. हायड्रिलाला बरेचदा ५. मुळाशी वाटाण्याएवढा कंद दिसला, की हायड्रिलाच. इजेरियाला कंद धरतच नाही.

एप्रिल-मेत टाकीचं पाणी ३० अंशांच्या वर गेलं की इजेरिया सडायला लागते, हायड्रिला टिकते. त्यामुळे आपल्याकडे हायड्रिलाच बरी, फक्त इजेरियाचा भाव देऊ नका. आणि छाटणी कृष्णेत टाकू नका. एका पेरापासूनही नवं रोप फुटतं.