सोनौली बॉर्डरवरचे ठेलेवाले: सामान बिनधास्त द्या, भाव मात्र आधी नीट बोला

नोव्हेंबरमध्ये आम्ही औरंगाबादहून बौद्ध स्थळांच्या टूरला गेलो होतो. बोधगया, राजगीर, सारनाथ, कुशीनगर सगळं छान झालं आणि लुंबिनीला जायचं म्हणून गोरखपूरवरून यूपी-नेपाळ बॉर्डरवरच्या सोनौलीला पोचलो तर तिथे घोळ. आपल्या गाडीला नेपाळमध्ये न्यायचं तर तिकडचं भन्सार भरावं लागतं, म्हणजे कस्टम आणि परमिट, ते टूरवाल्यांनी आधी बघितलंच नव्हतं, आणि पुढे ट्रकांची रांग इतकी लांब की बस जागची हलेना. शेवटी ठरलं की ही बस इकडेच राहील, पलीकडे बेलहियाला दुसरी करू, आणि मधलं दीडेक किलोमीटर सामानासकट पायी जायचं. आम्ही 32 जण, त्यातले निम्मे साठीच्या पुढचे, आणि माझ्या आईला तर दहा पावलं चालली की बसायला लागतं.

तेव्हा हे ठेलेवाले, म्हणजे हातगाडीवरून सामान नेणारे, आले. तिकडे पल्लेदार म्हणतात, नेपाळी बाजूला भरिया. कोणाकडे बिल्ला नाही, रेटबोर्ड नाही, पावती तर नाहीच, त्यामुळे आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं की बॅग घेऊन गर्दीत गायब झाला तर काय करायचं. मला पण तीच धाकधूक होती, खोटं कशाला सांगू. पण आमच्या वाट्याला जो माणूस आला त्याने नऊ बॅगा रचल्या त्या बघण्यासारख्या, जड खाली, चाकाच्या बॅगा आडव्या, आईची औषधांची पिशवी सगळ्यात वर हाताला येईल अशी, आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधलं. मग पुढे थोडी जागा करून आईला म्हणाला, "बसा मावशी, हळूहळू जाऊ." चक्क मराठीत! हा माणूस 11 वर्षं भिवंडीत लूमवर होता.

मग काय, नेपाळच्या कमानीपर्यंत आमच्या गप्पाच चालल्या. मी विचारलं की भिवंडी सोडून हे का, तर म्हणाला, 2020 च्या लॉकडाऊनला गावी आलो, नंतर परत जायचं म्हटलं तर खोलीचं भाडं, खानावळ वजा करून घरी पाठवायला उरतं किती, आणि बारा-बारा तासांच्या पाळीने कान गेलेत ते वेगळंच. घरची शेती दोन बिघे, ती चार भावांत. रोजगार हमीचा यूपीतला दर 2024-25 ला दिवसाला 237 रुपये होता, तोही काम निघालं तर. इथे संध्याकाळी रोख पैसे घेऊन घरी जातो, पोरांबरोबर जेवतो. बहीण पलीकडे भैरहवाला दिलीय, त्यामुळे बॉर्डर वगैरे आपल्याला जी मोठी गोष्ट वाटते ती त्याला बहिणीच्या घरची वाट आहे. भारत-नेपाळच्या 1950 च्या करारामुळे दोन्हीकडच्या लोकांना व्हिसा लागत नाही, सीमा उघडी आहे, एसएसबीचे, म्हणजे आपल्या सीमा दलाचे, जवान बॅगा बघतात आणि सोडतात.

आता हे सामान वाहायचं काम तिथे इतकं का वाढलंय ते मला बायका बघितल्यावर जास्त कळलं. दसगजा, म्हणजे दोन देशांमधली मोकळी पट्टी, तिथून बायका पिशव्या घेऊन जात होत्या. साखर, तेल, कांदे, साड्या. आमचा ठेलेवाला म्हणाला यातल्या काही घरचं घेतात, काही व्यापाऱ्याचा माल फेरीवर नेतात, एकेकीच्या दिवसात चार-पाच फेऱ्या होतात. भारतातून 100 नेपाळी रुपयांपेक्षा जास्तीचा माल नेला तर भन्सार भरायचा असा तिकडचा नियम, 2023 पासून तो कडक लावायला लागले. एक भारतीय रुपया म्हणजे 1 रुपया 60 पैसे नेपाळी, हा भाव 1993 पासून बांधलेलाच आहे, म्हणजे ती लिमिट झाली आपले साडेबासष्ट रुपये! दोन किलो साखर घेतली तरी संपली. मग मोठा माल उघड नेणं परवडत नाही आणि तोच माल थोडा थोडा करून माणसांच्या डोक्यावरून जातो. युरियाची 45 किलोची गोणी आपल्याकडे सबसिडीत साधारण 267 रुपयांना, पलीकडे टंचाई झाली की तिला कितीतरी जास्त भाव, ती सायकलवरून शेतातल्या पगडंडीने जाते. तिकडून उलटा चायनीज लसूण येतो, ज्याच्यावर आपल्याकडे 2014 पासून बंदी आहे. हे करणाऱ्यांना तिथे कॅरियर म्हणतात, आणि पकडला जातो तो कॅरियरच, माल ज्याचा असतो तो शेठ घरी बसलेला असतो. मला हे ऐकून फार वाईट वाटलं. आमचा माणूस म्हणाला त्यालाही विचारतात, एका फेरीत दिवसाची कमाई, पण पोरीची शाळा चालू आहे, जेलची भानगड नको, म्हणून फक्त प्रवाशांचं सामान.

एक चूक माझ्याकडून झाली ती सांगते म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. त्याने दोनशे सांगितले होते, कमानीपलीकडे पोचलो म्हणून मी ते नेपाळी धरून आपले सव्वाशे रुपये हातात ठेवले. तो काही बोलला नाही, नुसता नोटांकडे बघत उभा. मग हळूच म्हणाला, "दीदी, आयसी बोला था." आयसी म्हणजे भारतीय पैसे, एनसी म्हणजे नेपाळी, तिथे प्रत्येक व्यवहारात हे आधी विचारायचं असतं. मी लगेच उरलेले दिले, वर आई बसली होती तिचे शंभर दिले, पण तो ते शंभर घेईना, आईने त्याच्या खिशात कोंबले.

माझ्याकडून पाचपैकी पाच. अर्धा स्टार कापावा असं एकदा मनात आलं, कारण गर्दीत तीन-चार जण एकदम बॅगांना हात घालतात आणि म्हातारी माणसं घाबरतात, पण एकाशी ठरवलं की बाकीचे स्वतःहून बाजूला होतात. घासाघीस करू नका हो, नऊ बॅगा आणि एक माणूस घेऊन दीड किलोमीटर, आपल्याकडे स्टेशनवर या पैशात दोन बॅगा तरी उचलतात का.

जाणाऱ्यांनी सुट्टे ठेवा, शंभरच्या आणि पन्नासच्या नोटा. पासपोर्ट किंवा व्होटर कार्ड जवळ असू द्या. आणि कोणीही, कितीही गरीब दिसला तरी, अनोळखी माणसाची पिशवी स्वतःच्या सामानात घेऊन पलीकडे नेऊ नका, आमच्यातल्या एका काकांना तसं विचारलं होतं आणि ठेलेवाल्यानेच नको म्हणून सांगितलं. घड्याळ पलीकडे 15 मिनिटं पुढे असतं, तिकडची बस ठरवताना ते धरा. आम्ही परत येताना सकाळी सातच्या आत निघालो, ट्रक कमी होते आणि ठेला अर्ध्या तासात अलीकडे पोचला.