ब्लॉगर: फुकट आहे, टिकाऊ आहे, फक्त मराठी शीर्षक त्याला वाचता येत नाही

दूधवाल्याचे खाडे, सोसायटीची मीटिंग, फॅमिली ग्रुपवरचं 'शुभ सकाळ' असल्या विषयांवर खुसखुशीत लिहिणाऱ्याच्या गरजा फार नसतात. मजकूर नीट दिसावा, दुवा पाठवता यावा आणि दर महिन्याला खिशात हात घालावा लागू नये. गूगलची ब्लॉगर ही सेवा हे तिन्ही करते. १९९९ साली ती सुरू झाली, २००३ मध्ये गूगलने विकत घेतली, २०२० मध्ये तिचा एडिटर बदलला आणि त्यानंतर तिकडे फारसं कुणी फिरकलेलं दिसत नाही. नव्या सोयी क्वचितच येतात, पण रोज एखादं बटण जागा बदलतं असाही जाच नाही. आठवड्याला सहाशे-सातशे शब्दांचा एक लेख टाकणाऱ्याला ती पुरून उरते. फक्त 'आधी लेख टाकू, सेटिंग मग बघू' म्हटलं की गाडी अडते, आणि ती बहुतेक वेळा लेखाच्या पत्त्यावरच अडते.

लेखाचा पत्ता ब्लॉगर शीर्षकावरून स्वतःच बनवतो, पण त्याला फक्त रोमन अक्षरं आणि आकडे कळतात. शीर्षक पूर्ण देवनागरीत असलं तर पत्त्यात वर्ष, महिना आणि पुढे नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' एवढंच उरतं. त्याच महिन्यातला पुढचा लेख 'ब्लॉग-पोस्ट' आणि शेपटीला एखादा आकडा. वीस लेख झाले की वीस दुवे एका साच्याचे, आणि 'तो पापडांवरचा लेख पुन्हा पाठव ना' म्हणणाऱ्याला आपण जिन्यावरच्या चपलांवरचा लेख पाठवतो. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. लिहिताना उजवीकडच्या पट्टीत पर्मालिंक (म्हणजे लेखाचा पत्ता) उघडायचं, 'कस्टम' निवडायचं आणि रोमन लिपीत तीन-चार शब्द, मध्ये आडवी रेघ देऊन, टाकायचे: gacchi-papad-meeting. हे प्रकाशित करण्याआधी करायचं. नंतर तो रकाना बंद होतो. मग लेख पुन्हा मसुद्यात न्यायचा, पत्ता बदलायचा, परत प्रकाशित करायचा; शिवाय जुना दुवा ज्यांच्याकडे गेलाय त्यांच्यासाठी सेटिंग्जमध्ये जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणारं 'कस्टम रीडायरेक्ट' लावायचं. वरातीमागून घोडं, आणि तेही पायी.

वर्डप्रेस ही ब्लॉगची दुसरी सेवा देवनागरी पत्ता ठेवते म्हणून हुरळून जाऊ नये. तिथे प्रत्येक चिन्हाचे टक्केवारीच्या खुणांसकट नऊ रोमन वर्ण होतात, आणि पत्त्याला मर्यादा २०० वर्णांची. काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं मावतात. 'सोसायटीच्या गच्चीवर वाळणारे पापड' हे शीर्षक तिथे 'वाळण'पाशीच तुटतं. व्हॉट्सॲपवर पाठवलं की वरून टक्क्यांची ती लांबलचक माळ. रोमन पत्ता हाताने देणं दोन्हीकडे चुकत नाही, आणि तेवढ्यासाठी पैसे मोजायची गरज नाही.

दुसरी गोष्ट सर्च डिस्क्रिप्शनची, म्हणजे लेखाची एक-दोन ओळींत ओळख. सेटिंग्जमध्ये 'मेटा टॅग्ज'खाली ती एकदा चालू करावी लागते. मग प्रत्येक लेखाच्या उजव्या पट्टीत १५० वर्णांचा रकाना दिसायला लागतो. तो रिकामा सोडला तर दुव्याच्या झलकेत शीर्षकाखाली काय दिसेल ते आपल्या हातात राहत नाही. विनोदी लेखाचं निम्मं काम इथेच होतं. 'या लेखात मी सोसायटीच्या मीटिंगच्या गमतीजमती सांगितल्या आहेत' असं लिहिलेल्या लेखावर बोट ठेवायला कुणाला वेळ आहे? त्याऐवजी हे बघा: 'मीटिंग सातची. साडेसातला सेक्रेटरी आले, आठला सतरंजी आली आणि नऊ वाजता विषय निघाला, गच्चीवरच्या पापडांचा.' मर्यादेत बसतं, माणसं दिसतात, आणि पापड कुणाचे ते सांगितलेलं नाही. शीर्षकातही 'धमाल', 'गंमत', 'हसून हसून' हे शब्द नकोत. हसायचं की नाही ते वाचक ठरवेल. 'सतरंजी कुणाच्या घरी आहे?' या शीर्षकाला प्रत्येक सोसायटीत एक तरी गिऱ्हाईक आहे.

झलकेतला फोटो म्हणजे लेखातला पहिला फोटो. ब्लॉगर तो १२०० बाय ६३० पिक्सेलच्या आडव्या चौकटीत कापतो, त्यामुळे फोनवर उभा काढलेला फोटो दिला की माणसाचं डोकं आणि बूट दोन्ही जातात, राहतं पोट. फोटो आधीच त्या मापाला कापून घ्यावा. एक पुरतो, हलक्याफुलक्या लेखात चार-चार फोटो पेरले की वाचकाचं लक्ष वाक्यांवरून उडतं.

मजकूर आणायचा कसा? लिहिणं कुठेही करा, पण वर्डमधून सरळ चिकटवू नका. वर्ड स्वतःचा फॉन्ट, आकार आणि ओळींमधली अंतरं एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये, घुसवतो, मग एक परिच्छेद मोठा, दुसरा बारीक आणि तिसऱ्याच्या मागे पांढरी पट्टी. कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरून नुसता मजकूर घ्यावा आणि ठळक अक्षरं एडिटरमध्ये द्यावीत. जुने लेख श्रीलिपीसारख्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील तर चिकटवल्यावर नुसती रोमन चिन्हांची भेळ दिसते. ते आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावे लागतात, आणि नंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' अशा शब्दांतला अर्धा र तिथे हमखास बिघडतो.

थीम निवडताना दिसण्यावर भुलू नये. ब्लॉगरच्या थीम रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून बनल्यात. ज्या थीमच्या शीर्षकांत अक्षरांमध्ये जादा अंतर दिलेलं असतं, तिथे मराठीची शिरोरेषा तुटते आणि 'मीटिंग' दात पडल्यासारखी दिसते. ओळींमधलं अंतरही कमी असतं, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. थीम, कस्टमाइझ, ॲडव्हान्स्ड, ॲड सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) या वाटेने जाऊन लेटर-स्पेसिंग शून्य आणि लाइन-हाइट १.७ च्या आसपास केली की वाचणाऱ्याचे डोळे दुवा देतात. फॉन्टसाठी गूगल फॉन्ट्समधला मुक्ता फोनवर स्वच्छ दिसतो. मराठी वळणाचे ल आणि श हवेच असतील तर 'तिरो देवनागरी मराठी' घ्यावा. आणि तिरकी अक्षरं टाळा. देवनागरी इटॅलिक केली की ती वाऱ्याने झुकलेली वाटते, आणि विनोद तिरका करून दाखवावा लागत असेल तर दोष फॉन्टचा नाही.

पहिल्या दोन परिच्छेदांनंतर 'जंप ब्रेक' घालावा, म्हणजे मुखपृष्ठावर तेवढाच भाग दिसतो आणि पूर्ण लेख दुव्यावर उघडतो. ब्रेक मात्र कोटीच्या आधी. कोटी वाचून झाली की पुढे जायला कुणी थांबत नाही. लेबलं, म्हणजे लेखांची विषयवार वर्गवारी करणारे शब्द, एका लेखाला २० पर्यंत देता येतात, दोन-तीन पुरतात. बऱ्याच ठिकाणी 'विनोद', 'विनोदी', 'विनोदी लेख', 'हलकंफुलकं' अशी चार लेबलं एकाच मालावर दिसतात. त्यापेक्षा विषय लिहा: शेजार, स्वयंपाकघर, एसटी, नातेवाईक.

आकडेवारीच्या पानावर सुरुवातीला मन रमतं. तिथे स्वतःच्या भेटी न मोजण्याची सोय आहे, ती चालू करावी. ती फक्त त्या ब्राउझरपुरती असते, त्यामुळे फोनवर वेगळी करावी लागते; नाहीतर चाळीस वाचकांतले तीस आपणच असतो. एका रात्रीत सिंगापूरहून दोनशे भेटी आल्या तर तिकडे पापडांवर चर्चा पेटली असं समजू नये, ते बॉट, म्हणजे आपोआप पानं उघडणारे प्रोग्राम, असतात. ईमेलने नवा लेख पोचवणारं ब्लॉगरचं विजेट २०२१ मध्ये बंद झालं. आता वाचक आणायचे ते व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरूनच, म्हणून वरची झलकेची मेहनत वाया जात नाही.

पैशांचं थोडक्यात. मराठी मजकुराला ॲडसेन्स, म्हणजे गूगलची जाहिरातसेवा, २०१८ पासून चालते. दहा डॉलर जमले की पत्ता पडताळायला टपालाने पिन येतो, आणि शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे हातात पडत नाहीत. आठवड्याला एक लेख या वेगाने त्या शंभराची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. जाहिरातींनी पान जड होतं ते वेगळंच. तेवढाच उत्साह असेल तर स्वतःचं डोमेन, म्हणजे आपल्या नावाचा वेब-पत्ता, घ्यावं. जोडण्याचे पैसे ब्लॉगर घेत नाही, डोमेन विकणाऱ्याकडे डोमेन ब्लॉगला जोडणाऱ्या दोन 'सीनेम' नोंदी कराव्या लागतात, आणि जुन्या ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर येणारे वाचक आपोआप नव्याकडे वळतात.

शेवटी बॅकअप. सेटिंग्जमध्ये 'मॅनेज ब्लॉग'खालून सगळे लेख आणि प्रतिक्रिया एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात. महिन्यातून एकदा करावं, आणि ज्या गूगल खात्यावर हे उभं आहे त्यात अधूनमधून लॉगिनही करावं, कारण दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. त्या फाइलमध्ये फोटो नसतात, नुसते त्यांचे दुवे असतात. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, लेखाच्या नावाने ठेवा.